आखूड लुगडं

नाशिकरोडच्या शाळेत गॅदरिंग सुरू व्हायला तासच उरला होता. चैतालीनं जुनं लुगडं पुस्तकातल्या चित्रासारखं, काष्टा घालून गुडघ्यापर्यंत मशीनवर शिवलं होतं. तेवढ्यात तिच्या आजीनं, आक्काबाईनं, ब्लेडनं खालची दुमड उसवायला घेतली.

“आजी, काय करतेस! माझा नाच चुकेल.”

“चुकू दे. घोट्यापर्यंत सोड.”

“अगं, जुन्या काळी आपल्या बाया एवढंच आखूड नेसायच्या. तूच सांगितलंस ना?”

“नेसायच्या. गावकुसाबाहेरच्या आपल्या वस्तीतल्या बाईनं घोट्यापर्यंत सोडलं, तर गाव मारायला धावायचं.” आजीनं आणखी चार टाके उसवले. “माझ्या आईनं पहिल्यांदा सोडलं ना पोरी, त्या सांजेला तिच्या पाठीला हळद मीच लावली होती.”