बटणांचा डबा

"इथेच कुठेतरी पडला असेल," गाडीखाली टॉर्च मारत मास्तर म्हणाले. तो तिथे पडलेला नाही, हे त्यांच्याइतकं पक्कं कुणालाच ठाऊक नव्हतं.

मुलगाही गुडघे टेकून शोधत होता. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, हातातून पडलेला स्क्रू आवाजावरून हुडकणारा. शेडचा कोपरा न् कोपरा त्याने गेल्या वर्षी पालथा घातला होता, यंदा पुन्हा घालत होता. शोधायचं काय, तर एवढासा रोटर. डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीखाली बसणारा, अंगठ्याएवढा. तो नसला की इंजिनात ठिणगी पोचत नाही आणि गाडी ढिम्म हलत नाही.

"तुझ्या शहरातही नाही मिळाला?"

"सगळी दुकानं फिरलो, बाबा. इतक्या जुन्या गाडीचा भाग कोण ठेवतंय?" मुलगा मान वर न करता म्हणाला.

मास्तरांनी सुस्कारा सोडला. तो दुःखाचा वाटावा एवढी काळजी घेतली.

रोटर घरातच होता. शिलाई मशीनशेजारच्या फडताळात, बटणांच्या डब्यात, अगदी तळाशी. मास्तरांनी चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले, पण कुणाच्या कापडाचा वीतभर तुकडा कधी ठेवून घेतला नाही. आणि म्हातारपणी चोरी केली ती स्वतःच्याच गाडीत!

पण त्याला कारण होतं. बायको गेल्यानंतर मुलगा सुट्टीला यायचा तो फक्त दोन दिवसांसाठी. बापलेक समोरासमोर बसायचे, उकाड्याबद्दल बोलायचे, बाजारभावाबद्दल बोलायचे आणि मग विषय संपायचे. तिसऱ्या दिवशी त्याची बॅग दारात. चार वर्षांपूर्वी मास्तरांनी सहज शेडमधल्या गाडीवरचं कापड ओढलं आणि विचारलं, "हिला पुन्हा उभी करू या का?"

त्या वर्षी तो दहा दिवस राहिला. तेव्हापासून दर सुट्टी इथेच. ब्रेक झाले, पत्रा झाला, रंग झाला. सीटची कव्हरं मास्तरांनी स्वतः शिवली. बॉनेटवर चहाचे कप ठेवून दोघं बोलू लागले, मुलाच्या आईबद्दलसुद्धा. एकदा तर तिच्या रागावण्याची नक्कल करताना हसून हसून दोघांच्याही डोळ्यांत पाणी आलं. मास्तर रोज मनातल्या मनात आभार मानत. नेमके कुणाचे मानावेत ते कळत नसे, म्हणून गाडीचेच मानत.

गेल्या वर्षी गाडी फक्त चालू करायची राहिली. गाडी झाली की पुढच्या सुट्टीला हा कशाला येईल? मुलगा चहाला आत गेला आणि मास्तरांनी डिस्ट्रिब्यूटरची टोपी उघडली.

सून आणि नात मात्र तेव्हा त्यांच्या ध्यानात आल्या नव्हत्या.

"तू सुट्टीवर आलायस की कामावर?" सून शेडच्या दारातून नवऱ्याला म्हणाली. हसतच म्हणाली, पण म्हणाली. "चिमणीला तळ्यावर न्यायचं म्हणून तीन दिवस नुसतं चाललंय."

"एवढी वायर झाली की निघूच," मुलगा म्हणाला. वायर संपली तेव्हा ऊन उतरून गेलं होतं.

त्या रात्री मास्तर मुलासमोर जेवायला बसले. तेवढ्यात त्यांना मुलाच्या शर्टाकडे बघून आठवलं. सकाळी गाडीखाली सरपटताना त्याचं बटण तुटलं होतं.

"दे इकडे, मी लावतो."

"मी लावलं केव्हाच. तुम्हीच तर शिकवलंत, बाबा."

म्हणजे याने डबा उघडला, मास्तरांच्या मनात आलं. त्यांनी मुलाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो शांतपणे जेवत होता. बटणं वर असतात, रोटर तळाशी आहे, अशी त्यांनी मनाची समजूत घातली आणि शिलाई तेवढी निरखली. टाका सुबक होता.

सुट्टीचा शेवटचा दिवस उजाडला. मास्तर शेडमध्ये गेले तर नात बाहुलीला घेऊन मागच्या सीटवर बसलेली.

"काय चाललंय, चिमणे?"

"आम्ही तळ्यावर चाललोय. खोटं खोटं." मग ती म्हणाली, "आजोबा, गाडी झाली ना, की बाबा माझ्याशी खेळणार आहे. आई म्हणाली."

"आणि नाहीच झाली तर?"

"मग पुढच्या सुट्टीत," ती बाहुलीचे केस सारखे करत म्हणाली. कुरकुर नाही, हट्ट नाही. वाट बघायची तिला सवय झाली होती, आणि ती सवय आपण लावली हे मास्तरांना तिथेच लख्ख कळलं.

चार वर्षं मिळाली. पदरात मावेनात इतकी मिळाली. आता पोरीचे दिवस पोरीला द्यायचे. पुढच्या सुट्टीला कुणी येवो न येवो.

"चला, सगळे गाडीत बसा!" त्यांनी घराकडे तोंड करून हाक मारली. "आज तळं बघायचं, मगच तुम्ही निघायचं."

सून चकित होऊन बाहेर आली. "रोटरशिवाय?"

"आलोच मी. पाच मिनिटं."

मुलगा स्टीअरिंगवर जाऊन बसला होता. "सावकाश या, बाबा," एवढंच म्हणाला.

मास्तर आत गेले. फडताळातून डबा काढला, झाकण उघडलं. सापडला म्हणून सांगू, की खरं सांगू? खरंच सांगू, असं ठरवून त्यांनी बटणांत मनगटापर्यंत हात घातला. बाहेर चिमणी हॉर्न वाजवत होती.

तळाशी बोटांना रोटर लागला. मग आणखी एक लागला.

तो दुसरा कोरा होता, न फोडलेल्या पाकिटात. पाकिटावर मुलाच्या शहरातल्या दुकानाचा शिक्का होता आणि तारीख गेल्या वर्षीची, सुट्टी संपवून तो परत गेला त्याच्या दुसऱ्याच दिवसाची.