मधला तुकडा

बाहेरच्या खोलीत टप्प असा आवाज झाला आणि दुपारची शांतता मोडली. भांडी विसळता विसळता तिचा हात थांबला. लेक खेळत होती तो धातूचा तुकडा फरशीवर पडला तर खणकन वाजायला हवा. हा ढेकळासारखा पडला होता.

"आई, मी नाही तोडलं! ते आपलं आपणच तुटलं!" लेक आधीच बचावाला उभी.

कारखान्यातून येताना आईच्या पर्समध्ये राहून गेलेला नमुना लेकीनं खेळायला घेतला होता. निकेल-सिलिकॉनचा, उकळत्या अ‍ॅसिडलाही दाद न देणारा मिश्रधातू. त्याचे व्हॉल्व्ह ओतले होते, आणि ते तपासून पास करणं आईचं काम.

तिनं दोन्ही अर्धे उचलून खिडकीशी धरले. तुटल्या अंगावर साखरेसारखे जाड, चमकते दाणे. मधून गेलेली एक जुनी, काळी भेग.

एका व्हॉल्व्हमधून तिनं दोन नमुने कापले होते. एक पातळ कडेचा, एक जाड पोटातला. कड झटकन थिजते, तिथले कण बारीक राहतात. पोट सावकाश थिजतं, ठिसूळपणा तिथेच दडून बसतो. हे काय तिला ठाऊक नव्हतं? पण ट्रक दारात उभा होता, पाळणाघर बंद व्हायला आलं होतं. कडेचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली देखणा दिसला. तिनं सही केली. पोटातला, मधला, उद्या बघू म्हणून पर्समध्ये टाकला.

खेप अ‍ॅसिडच्या कारखान्यात गेली. तिथे तिचा नवरा फिटर. आज तेच व्हॉल्व्ह बसवायला गेलेला.

तिनं साहेबांना फोन लावला. ते हसले. "पोरीनं फरशीवर आपटून केलेली टेस्ट मी कुणाला दाखवू, बाई? सुट्टी आहे, आराम करा."

नवऱ्याचा मोबाईल लॉकरमध्ये. आत न्यायला बंदी. तिनं गेटवर फोन लावला.

"नव्या व्हॉल्व्हमधून अ‍ॅसिड सोडू नका. ते आतून तडकलेत."

"वहिनी ना? आवाज ओळखला!" गेटवाला म्हणाला. "अहो, दादा मजेत आहेत. आत्ताच मला चिडवून आत गेले."

"वहिनी म्हणून नाही. व्हॉल्व्ह तपासणाऱ्या लॅबची म्हणून बोलतेय. पास केल्याची सही माझी आहे, ती मी मागे घेतेय."

"थांबा हं." फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. धावती पावलं. मग तीही ऐकू येईनाशी झाली.

मोबाईल कानाशी धरून ती उभी राहिली. लेकीनं दोन्ही तुकडे एकमेकांना दाबून धरले होते. सांधा दिसतही नव्हता.

"रागावलीस?"

"नाही गं राणी. बरं झालं पाडलंस."

लेकीचा चेहरा फुलला. मग काहीतरी मनात येऊन तिनं मान वर केली.

"आई, मी पाडलं नसतं, तर तू फोन केला असतास?"