मागची सीट

"माझं नाव काढून टाका," नरेश म्हणाला. "तुम्ही तिघं जा."

सिंगापूरच्या ईस्ट कोस्ट पार्कात, सायकली भाड्याने देणाऱ्या टपरीसमोर, तिघांनीही ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. भावना त्याची बायको, शैलेंद्र आणि विवेक जुने मित्र. तिने तर पाण्याच्या बाटलीचं झाकण लावायला फारच वेळ घेतला.

शैलेंद्रने बाकावर डॅन्यूब नदीचा नकाशा पसरला होता. ऑफिसच्या रंगीत प्रिंटरवर, साहेब जेवायला गेल्यावर छापलेला. जर्मनीतल्या पासाउपासून ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नापर्यंत, नदीच्या काठाकाठाने सायकलवर, मे महिन्यात. चौघांच्या रजा मंजूर झाल्या होत्या, विमानाची तिकिटं हातात आली होती. आणि गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी नरेशला सांगितलं की सायकलचं हँडल आता धरायचं नाही. त्याची नजर कडांकडून आत मिटत चालली होती. नळीतून बघावं तसा समोरचा एक गोल तेवढा दिसायचा. त्या गोलाबाहेर माणूस असो की बस असो, नसल्यातच जमा.

"म्हणून तर ही," शैलेंद्रने दोघांनी मिळून चालवायच्या लांबलचक सायकलीवर थाप मारली. "तिकडेही मिळते. मी मेल करून विचारलंय."

टपरीवाल्या आंटीने ब्रेक दाखवले. "फ्रंट मॅन ब्रेक. बॅक मॅन नो ब्रेक. बॅक मॅन ओन्ली पेडल, लाह."

"ऐकलंत? ब्रेकसुद्धा नाही," नरेश म्हणाला. "मी काय सामान म्हणून येऊ?"

पहिल्यांदा पुढे बसला शैलेंद्र. शैलेंद्रचं तोंड त्याच्या पायांपेक्षा जोरात चालतं. ऑस्ट्रियातली बीअर, जुन्या बॉसची फजिती, शेजारच्या काँडोतल्या फ्लॅटचे भाव, सगळं झालं, आणि मधूनमधून, "ठीक आहेस ना? दमलास तर सांग हं. पाय नुसते ठेव, पायडल मी मारतो." परत आल्यावर नरेश उतरला आणि त्याने हेल्मेट काढून भावनासमोर धरलं.

"तुझे उपकार आहेत शैल्या, पण हे असं आठवडाभर नको. एका माणसाला वाहून न्यायचं म्हणजे तुमच्या सुट्टीची वाट लागेल."

भावनाने हेल्मेट घेतलं नाही. तिने दुसरीकडे बघितलं.

तेवढ्यात विवेक पुढच्या सीटवर जाऊन बसला. कुणाला काही न विचारता. विवेक तांजोंग पगार भागातल्या एका बँकेत आहे. घरी तो आमटीत मीठ कमी असलं तरच तोंड उघडतो, असं त्याची आई सांगायची, आणि तिच्या हातचं मीठ कधी कमी पडत नसे.

"चल," तो म्हणाला.

अशा माणसाने एवढं म्हटल्यावर नाही म्हणणं अवघड होतं. नरेश मागे बसला. त्याच्या गोलात आता विवेकची पाठ होती. घामाने भिजलेला राखाडी टी-शर्ट, बाकी काही नाही. विवेक नुसता पायडल मारत होता. मग डाव्या हाताला काहीतरी खरखरत अगदी जवळून गेलं आणि नरेश दचकला.

"काय होतं ते?"

"स्केट्स." जरा वेळाने विवेकला ते अपुरं वाटलं असावं. "लहान मुलगी आहे. आजोबांना ओढत नेतेय."

नरेशला हसू आलं.

"पुढे कालव्यावरचा पूल," विवेक म्हणाला. "चढ आहे. आता मार. जोरात."

नरेशने जीव खाऊन पायडल मारलं. सायकल लडखडली, सावरली आणि वर चढली.

"तू होतास म्हणून चढली," विवेक धापा टाकत म्हणाला. "एकटा असतो तर मी उतरून ढकलली असती."

तो खोटं बोलणाऱ्यातला नव्हता. खोटं बोलायला आधी बोलावं लागतं. नरेश सीटवर जरा ताठ बसला.

उतारावर विवेकचं तोंड सुटलं. "चांगी विमानतळावर विमान उतरतंय. चाकं बाहेर काढलीयत. शेपटी निळी... जहाजं उभी आहेत. एक लाल आहे, म्हणजे लाल होतं, आता नुसता गंज आहे. एक अंकल गळ टाकून बसलाय. बादली रिकामी. बायको त्याला हसतेय, तोही हसतोय."

"एवढी वाक्यं कुठून काढतोयस रे?"

"दिसतंय ते सांगतोय." विवेकने घंटी वाजवून कुणाला तरी बाजूला केलं. "दर रविवारी येतो मी इथे. इतकं कधी बघितलं नव्हतं."

डॉक्टरांकडून घरी आल्यापासून सगळे नरेशला जपत होते, आणि जपून घेता घेता तो थकून गेला होता. हा गडी त्याला पायडल मारायला लावत होता आणि बदल्यात एकेक जहाज देत होता. किती बरं वाटत होतं ते त्याला सांगायचं होतं. पण थँक्यू म्हटलं असतं तर विवेक लाजून पुन्हा गप्प झाला असता. म्हणून त्याने पायडलवर आणखी जोर दिला.

झाडं संपली, माणसं विरळ झाली. वारा समोरून लागायला लागला. विवेकचं बोलणं थांबलं.

"काय रे, गप्प का झालास?"

"इथे काही नाहीये," विवेक म्हणाला. "नुसतं पाणी आहे."

"मग पाणी सांग," नरेश म्हणाला. "तिकडे आठवडाभर तेच सांगायचंय तुला."