यादीत नसलेलं कार्ड

"मदरबोर्ड भरवशाचा आहे," अप्पांनी नाइलाजाने कबूल केलं आणि त्यांच्या पोटात दुखलं. लेकीच्या कॉम्प्युटरचे भाग आजवर तेच निवडत आले होते. यंदा यादी जावयाने केली होती.

चष्मा पुसून त्यांनी ती पुन्हा वाचली. कॅबिनेट स्वस्तातलं, पण पॉवर सप्लायमध्ये कंजुषी नाही. लेकाचा कुठे चुकतच नव्हता!

मग सापडलं. या प्रोसेसरला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतंच, आणि यादीत ते नव्हतं. म्हणजे स्क्रीनवर काहीच दिसणार नाही. अप्पा गप्प बसले. होऊ दे फजिती, तीही लेकीसमोर.

रविवारी जोडणी होत आली तशी अप्पांनी खुर्ची पुढे ओढली. "करा चालू, जावईबापू," ते गोड आवाजात म्हणाले.

"थांबा, अप्पा." लेकीने जुन्या ओढणीत गुंडाळलेलं ग्राफिक्स कार्ड बाहेर काढलं. "कॉलेजात तुम्ही घेऊन दिलेलं. हा म्हणाला, अप्पांचं कार्ड ठणठणीत आहे, नवं कशाला?"

जावयाने स्क्रूड्रायव्हर पुढे केला. "तुम्हीच बसवा."

अप्पांनी पुन्हा चष्मा पुसला, तरी स्क्रूचं भोक काही केल्या दिसेना.