पणजोबांचं घर

नॉर्बर्ट पिखलरचा उभ्या विस्कॉन्सिनमध्ये कुणावर विश्वास नव्हता. शुक्रवारी चर्चमध्ये तळलेले मासे खायला गेला तरी तो आधी मासा उलटून बघायचा. त्याचे पणजोबा डॅन्यूबकाठच्या एका खेड्यातून आलेले. त्या नदीवरच्या बोटसफरीचं माहितीपत्रक बायकोने, व्हर्नाने आणलं, तेव्हा त्याने ते खिडकीच्या उजेडात धरलं आणि कोपरा अंगठ्याने घासून पाहिला.

"जेवण फुकट, वाइन फुकट? कुठेतरी पाणी मुरतंय."

"मागच्या तिन्ही बोटींत खोट काढलीस. आता काय मेल्यावर जाणारेस पणजोबांच्या गावाला?" व्हर्ना कडाडली.

शेवटी गेले. गाइड मुलीने पिखलरांचं जुनं घर दाखवलं.

"प्रत्येक अमेरिकन माणसाला हेच घर दाखवत असणार," नॉर्बर्ट व्हर्नाच्या कानात पुटपुटला.

मुलीने कडी वाजवली. दार साखळीसकट वीतभर उघडलं. आतल्या म्हाताऱ्याला नॉर्बर्टने पणजोबांचा फोटो दिला. म्हाताऱ्याने तो उजेडात धरला, कोपरा अंगठ्याने घासला आणि काहीतरी गुरगुरला.

"काय म्हणतोय?"

मुलगी ओशाळली. "म्हणतायत, एवढ्या लांबून कोण कशाला येईल? कुठेतरी पाणी मुरतंय."



नॉर्बर्टचे डोळे भरून आले. "व्हर्ना, घर आपलंच आहे गं!"