फुकट नेतो म्हणाला

कचरा कोणी असा उतरवत नाही, हे ब्यासादेवीच्या ध्यानात आलं तेव्हा अर्धं छप्पर खाली आलं होतं.

वाशांवर बसलेला मजूर एकेक दगडी पाटी सोडवून खाली देत होता. शिडीवरचा ती दोन्ही हातांनी झेलत होता, आणि तिसरा अंगणात मध्ये गवत घालून पाट्यांची चवड रचत होता. तान्हं मूल या हातातून त्या हातात द्यावं तशी. ठेकेदार तरसेम बिडी ओढत उभा होता आणि मधूनमधून ओरडत होता, "हळू रे! कोपरा सांभाळ!"

सौदा सरळ होता. छप्पर गळतं, तेव्हा जुन्या पाट्या काढायच्या आणि निळे पत्रे घालायचे. साठ हजार. "आणि हा कचरा मी माझ्या गाडीतून फुकट नेतो, चाची. तुम्ही बाईमाणूस, कुठं टाकायला जाणार?" बद्दीच्या कारखान्यात कामाला असलेला मुलगा फोनवर म्हणाला, स्वस्तात होतंय, करून टाक. दहा हजार आगाऊ गेलेसुद्धा.

तिनं तरसेमच्या हातात चहाचा पेला दिला.

"गवत कशाला रे घालता?"

"गाडीत आवाज होतो, चाची."

"कचऱ्याचा आवाज झाला तर कुणाची झोप मोडते?"

तरसेम हसला. चहा फक्कड झालाय म्हणाला.

ब्यासादेवीनं चवडीतली एक पाटी उचलली. हाताआधी मानेनं ती ओळखली. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात सासूच्या मागोमाग वरच्या खाणीतून तिनं या पाट्या पाठीवरून वाहिल्या होत्या, एका खेपेला आठ. तेव्हा जी मान धरली ती अजून सुटली नव्हती. तिला एकदम संताप आला, तरसेमचा आणि त्याहून जास्त स्वतःचा. कानातली कुडी विकायची असती तर तिनं दहा सोनारांना विचारलं असतं. डोक्यावरचं छप्पर मात्र न विचारता उतरवू दिलं.

तिनं हात लांब केला आणि पाटी सोडून दिली. फरशीवर तिचे चार तुकडे झाले.

"चाची!" तरसेमच्या पेल्यातला चहा त्याच्या पायावर सांडला.

"कचराच ना?" तिनं दुसरी उचलली. "कितीला जाते?"

"काय कितीला? कुणी सांगितलं तुम्हाला..."

दुसरीही फुटली. तिनं तिसरी उचलली.

"साठ!" तरसेम ओरडला. "साठ रुपयांना एक!"

"कोण घेतं?"

तो वाकून पायावरचा चहा झटकू लागला. तिनं हात वर नेला.

"वरच्या रस्त्याचा हॉटेलवाला! खाण बंद झाल्यापासून नव्या मिळतात कुठं? त्याला नवं हॉटेल जुन्या घरासारखं दिसायला हवंय. चाची, हात जोडतो, ती खाली ठेवा."

तिनं ती अलगद ठेवली. घरावर अठराशे पाट्या होत्या. ज्यानं पाठीवर वाहिल्यात त्याला मोजून दाखवाव्या लागत नाहीत. लाखाचा माल ती याला देणार होती, वर साठ हजारही. चोराच्या हाती किल्ल्या म्हणतात त्या याच.

"आता खरं सांग. गळतं कशानं?"

"उत्तरेच्या बाजूच्या रिपा कुजल्यात. दोन वासे गेलेत."

"आणि पाट्या?"

"पाट्यांना काय होतंय," तरसेम पुटपुटला.

"मग रिपा बदल, वासे बदल, आणि याच पाट्या परत घाल. मजुरी आणि लाकडाचे रास्त पैसे देते. दोन फुटल्या त्या माझ्या. शिकायचं तर फी पडतेच."

"मला काय सुटणार त्यात?"

"कचरा वाहायचे कष्ट सुटले की!"

भिंतीपलीकडून फस्सकन हसू ऐकू आलं. शेजारच्या घरातली तिची जाऊ मंगलो भिंतीला चिकटून सगळं ऐकत होती. तरसेम चिडला. "मग बसा उघड्यावर! मी माणसं घेऊन चाललो. आठ दिवसांत पाऊस लागेल, मग याल शोधत."

ब्यासादेवीनं वर पाहिलं. अर्ध्या घरावर नुसते वासे आणि रिपा होत्या आणि त्यांच्या मागे धौलाधारच्या डोंगरमाथ्यावर ढग जमलेले. आत गव्हाची कोठी होती, गाद्या होत्या. पण ती चवडीपाशी गेली आणि पाट्यांना पाठ टेकून खाली बसली.

"जा. गाडी मात्र रिकामी ने." मग तिनं आवाज चढवला. "मंगलो, सोमवारी तुझंही छप्पर काढणार होता ना हा?"

"माझं आणि खालच्या आळीतली चार घरं," मंगलो म्हणाली. "सगळ्यांचा कचरा फुकट नेणार होता बिचारा. थांब, मी चप्पल घालते आणि जाऊन सांगून येते."

"ओ भाभी, थांबा!" तरसेम भिंतीकडे धावला. मंगलोच्या पायात चप्पल आधीच होती. ती हलली नाही, नुसती बघत राहिली.

तरसेमनं एकदा रिकाम्या गाडीकडे पाहिलं. बिडी पायाखाली चुरडली आणि मजुरांना हातानं खूण केली.

दक्षिणेच्या बाजूच्या रिपा शाबूत होत्या. तो स्वतःच त्या बाजूच्या शिडीपाशी आला, चवडीतली एक पाटी एका हातानं ओढली आणि रागारागानं वर भिरकावायला निघाला.

"अं हं," ब्यासादेवी बसल्या जागेवरून म्हणाली. "ज्या मायेनं उतरवलीस ना, त्याच मायेनं चढव."