हिरव्या लुगड्यातली बाई

"काढा खिळे," सावळेराम म्हणाला. "आज काय तो सोक्षमोक्ष लागू द्या."

नजमुन्निसाने पक्कड उचलली, पण हात चालेना. जुन्या दिवाळी अंकांची रंगीत मुखपृष्ठं जमवायचा तिला नाद. नाद कसला, खूळच! त्या खुळापायी ती जुन्नरहून एसटीचे धक्के खात डिंभ्याला आली होती. आणि भिंतीवरून उतरवलेल्या या फ्रेममध्ये तिला हवी असलेली बाई हसत होती. हिरवं लुगडं, डोईवर पाटी. अंकाच्या नावाची वरची पट्टी तेवढी कुणीतरी कापलेली. तिच्या संग्रहात नेमकं हेच मुखपृष्ठ नव्हतं.

पण सावळेराम म्हणत होता, ही माझी आई.

"मला जन्म दिला आन् गेली. बानं ह्यो फोटू घोडेगावच्या बाजारातनं मढवून आणला. जन्मभर हिच्या पाया पडलो. आन् आता आमचा पुतण्या पप्पू म्हणतो, मासिकातलं चित्र हाय! ताई, तुमाला यातलं कळतं. चित्र असंल तर खुशाल घिऊन जा, माझ्या काय कामाचं? पर आई असंल तर तसं सांगा."

म्हाताऱ्याची बायको सखूबाई चुलीवर काहीतरी ढवळत होती.

खिळे निघाले. पुठ्ठा सरकला. नजमुन्निसाने चित्राची पाठ आपल्याकडे धरली. केशतेलाची जाहिरात, चांगली ठसठशीत! एक शब्द बोलायचा अवकाश, चित्र तिचं होतं. खोटं कशाला बोला, तिच्या तोंडाला पाणी सुटलं. मग तिने वर पाहिलं. सावळेराम हात जोडून उभा होता. पापणीसुद्धा लवत नव्हती.

"फोटोच आहे, भाऊ," ती म्हणाली. "हाताने रंगवलेला. तेव्हा असेच रंगवायचे."

सावळेराम मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. मग डोळे पुसून ताडकन उठला. "आत्ता सांगतो त्या पप्प्याला!" म्हणत पायात चपला न घालताच बाहेर पडला.

नजमुन्निसाच्या जिवाला मात्र घोर लागला. उद्या त्या पप्पूने पुन्हा फ्रेम उघडली तर? मुखपृष्ठाला गोंदाचा थेंब लावणाऱ्यांना ती आजवर शिव्या घालत आली होती. तीच आता कशीबशी म्हणाली, "सखूबाई, कणकेची खळ करून देता का थोडी? हे पुठ्ठ्याला पक्कं चिकटवून टाकू. पुन्हा निघायला नको."

सखूबाईने पदराआडून वाटी पुढे केली. खळ तयार होती. अजून वाफ निघत होती.

"तुमी खिळं काढाय घेतलं, तवाच शिजवाय ठिवली," ती हळूच म्हणाली. "मामंजींनी जाताना फकस्त मला सांगितलं व्हतं."